पायातली वहाण

आज जित्यातून आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत चपलांविषयी. दागिन्यांवर, साड्यांवर, भातावर, गणपतीच्या कारखान्यांवर बोलून झालं. पण दिवसभर आपलं सगळं वजन ज्यांच्यावर असतं, त्या पायांवर कोणी बोलत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी जरा मागे जाऊन बघू. कामाला जाणाऱ्या बाईच्या पायात काय होतं, कधीपासून होतं, आणि नव्हतं तर का नव्हतं?

आवणीच्या दिवसांत कुठल्याही बांधावर बघा. चपलांची रांग लागलेली असते आणि बाया आत चिखलात अनवाणी. शेत म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चप्पल घालून चढू नये, असं आपल्या आज्या सांगायच्या. ते खरंच. पण दुसरंही एक कारण आहे. आपल्या खारेपाटातला चिखल चप्पल ओढून घेतो. पाय वर येतो, चप्पल आतच राहते. म्हणजे घालायची म्हटली तरी घालता येईल अशी वस्तूच नव्हती. पावसासाठी कोकणच्या माणसाने इरलं काढलं. बांबू विणून, त्यावर पानं बसवून असं काही केलं, की वाकून लावणी करतानाही पाठ कोरडी राहते. डोक्याची आणि पाठीची एवढी काळजी घेणाऱ्या त्याच हुशार हातांनी चिखलात चालेल असं पायताण मात्र केलं नाही. आम्हाला याचं नवल वाटतं.

आपल्याकडे एक म्हण आहे, पायातली वहाण पायातच बरी. ही म्हण कोणाला ऐकवली जायची? सुनेला, बायकोला, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला. म्हणजे वहाण आपल्या पायात आली नाही, उलट आपल्यालाच वहाण म्हटलं गेलं. पूर्वीच्या काळी जोडा आणि छत्री या नुसत्या उपयोगाच्या वस्तू नव्हत्या, ती अधिकाराची खूण होती. कितीतरी गावांत दलित माणसाला वरच्या आळीतून जाताना पायतल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. कातडं कमावणारा तो, जोडा शिवणारा तो, आणि रस्त्यात पायात घालायला बंदीही त्यालाच. महाडला 1927 साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो पाण्यासाठी. पण पाणी, रस्ता, देऊळ आणि पायातला जोडा ही सगळी एकाच दोरीची गाठ होती.

बाईसाठीही तीच गाठ. आनंदीबाई जोशी तुम्हाला ठाऊक आहेतच, अमेरिकेला जाऊन 1886 मध्ये डॉक्टरची पदवी घेणाऱ्या. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला. बदल्या होत गेल्या, त्यातली एक आपल्या अलिबागेत. पुढे मुंबईत त्या शाळेत जाऊ लागल्या तेव्हा लोक भोवती जमून हसायचे, ओसरीवर बसलेले भले लोक टोमणे मारायचे, खडे फेकायचे. हे त्यांनी स्वतः 1883 मध्ये श्रीरामपूरच्या भाषणात सांगितलं. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचं. आनंदीबाई आणि त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर या दोघी पायात बूट घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने गेल्या म्हणून त्यांच्यावर दगड आले, अशी हकिकत बायकांच्या चळवळीच्या इतिहासात नोंदलेली आहे. दगड चोरी केली म्हणून आले नाहीत, कोणाला शिवी दिली म्हणूनही नाहीत. पायात बूट होते म्हणून आले. आपली मुलगी आज शाळेत जाताना काळे बूट घालते, तिला एकदा हे जरूर सांगा.

पण त्या दोघी शिकलेल्या, शहरातल्या. शेतावर, मिठागरात, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईच्या पायाचं काय? तिला कोणी बंदी घालायचीही गरज नव्हती. पैसेच नव्हते. घरात एक जोड असला तर तो घरधन्याचा, बाजाराला आणि कचेरीला जायचा. आणि पाय उघडा राहिला त्याची किंमत शरीराने दिली. ती कशी, ते आता सांगतो. इथे जरा कान देऊन ऐका, कारण हे जुनं झालेलं नाही.

1898 च्या सुमारास इजिप्तमध्ये, कैरो शहरात, आर्थर लूस नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ जंतांवर काम करत होते. अंकुशकृमी म्हणजे आकड्यासारखा तोंडाचा बारीक जंत. त्याची अळी असलेलं पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलं. हात खाजला, लाल झाला. काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात त्या जंताची अंडी सापडली. तोपर्यंत समजूत होती की हा जंत तोंडावाटे पोटात जातो. लूस यांनी दाखवलं की तो कातडीतून आत शिरतो. म्हणजे उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेची ओली माती आणि तिच्यावरून जाणारा अनवाणी पाय, एवढं त्याला पुरतं. आत गेला की आतड्याला चिकटून रक्त पितो. आपल्यात किती जणींना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्त कमी म्हणून लाल गोळ्या मिळतात. गोळ्या घ्यायच्याच. जेवण कमी, बाळंतपणं, पाळी ही कारणंही आहेतच. पण त्या यादीत उघडा पायही येतो, हे आशाताईंशिवाय फारसं कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. तिथे विंचू चावलेली माणसं, पोरं यायची आणि डोळ्यांदेखत जायची. कोकणातला लाल विंचू चावला की रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. शंभरातली चाळीस माणसं दगावायची. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशेजारी बसून हे टिपून ठेवलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरून ते प्रमाण शंभरात एक-दोनवर आणलं. लॅन्सेट या जगभर वाचल्या जाणाऱ्या डॉक्टरी नियतकालिकात 1980 च्या दशकात ते छापून आलं. औषध सापडलं, फार मोठं काम झालं. पण विंचू डसतो तो बहुतेक हाताला नाहीतर पायाला. पेंढा ओढताना, लाकडं उचलताना, अंधारात परसात जाताना. त्या वेळी पायात काही असतं तर गोळीपर्यंत जायची वेळ कितीदा आली नसती.

आता कोल्हापुरीचं म्हणाल, तर ती आपली शान. कमावलेल्या कातड्याची, पायाला सवय झाली की वर्षानुवर्षं टिकणारी. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तोपर्यंत ज्यांना माहीत नव्हती त्यांनाही 2025 मध्ये कळली, कारण प्राडा या इटलीतल्या बड्या कंपनीने तशाच चपला मिलानच्या कार्यक्रमात मिरवल्या आणि आधी मूळ गावाचं नावही घेतलं नाही. त्या चपलेची वेणी घालणं, बारीक शिवण हे काम बहुतेक घरांत बायकांच्या हातचं. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात अथणीला तर बचत गटाच्या बायकांनी एकत्र येऊन टो-होल्ड नावाने आपला माल परदेशी पाठवला. हे आपल्या गटांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. मात्र खरं सांगायचं तर कोल्हापुरी ही देशावरच्या कोरड्या जमिनीची चप्पल. आपल्या आषाढात तिला बुरशी येते, पाण्याने फुगते. लग्नाला छान, आवणीला नाही.

आपल्या पायात खऱ्या अर्थाने काही आलं ते रबरामुळे. स्लीपर. निळ्या पट्ट्याची, पांढऱ्या तळव्याची. पट्टा तुटला तर सेफ्टीपिन लावून अजून दोन महिने चालवायची. तिला कोणी जात विचारली नाही, आणि ती बायकांच्याही पायात सहज गेली. आम्ही तर म्हणू की कित्येक भाषणांनी झालं नाही ते या हलक्याफुलक्या रबराने केलं. पुढे आपट्यापर्यंत आलेली रेल्वे 1986 मध्ये रोह्यापर्यंत गेली, आणि जिते हे तिच्या वाटेवरचं स्टेशन. पनवेलला कामाला, भाजी विकायला, नर्सिंगच्या शिक्षणाला जाणाऱ्या बायका-मुली वाढल्या. पण स्लीपर ही आठ तास उभं राहण्यासाठी केलेली वस्तू नाही. टाचेला आधार नाही, ओल्या फरशीवर घसरते, बोटांनी धरून चालावं लागतं म्हणून पोटऱ्या दुखतात. दुकानात, दवाखान्यात, कंपनीत दिवसभर उभ्या असणाऱ्या पोरी संध्याकाळच्या गाडीत बसल्या की आधी चप्पल काढतात, ती याच्यामुळे.

आणि गमबूट? त्याची गोष्ट मजेची आहे. इंग्लंडचा सरदार ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्या नावाचा चामडी बूट होता. हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने 1853 मध्ये फ्रान्समध्ये कारखाना काढून तसा बूट रबराचा केला. गिऱ्हाईक कोण, तर ओल्या शेतात लाकडी जोडे घालून राबणारे शेतकरी. म्हणजे तो मुळात शेतकऱ्याचाच. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या गारठ्यात आणि पाण्यात उभं राहून सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा ब्रिटिश सरकारने लाखो जोड करवून घेतले. आपल्या चिखल्या तेवढ्या भयंकर नसतात, पण बोटांच्या बेचक्यांत फाटून आग होते ती आपल्यालाच ठाऊक. हळद लावतो, मेंदी लावतो, टाचेच्या भेगांत कोकमतेल कढवून सोडतो, आणि सकाळी परत पाण्यात. सैनिकाचा पाय कामातून गेला तर सरकारला लगेच कळतं. लावणीवाल्या बाईचा पाय गेला तर म्हणतात, पावसाळा आहे, असं चालायचंच.

त्यात आता लेप्टोची भीती आहे. उंदराच्या, गुराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या चिरेतून आत शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याने माणसं नेली. शेतात हा धोका दर पावसाळ्यात आहे. म्हणून गमबूट घाला असं सांगतात. आम्हीही सांगतो. पण बायकोच्या पायात नवऱ्याचा आठ नंबरचा गमबूट गेला की तो प्रत्येक पावलाला आत सरकतो, चिखलात रुततो, पोटरीला घासतो. मग बाई दोन दिवसांत तो गोठ्यात टाकते आणि लोक म्हणतात, बायकांना सवयच नाही.

सवयीचा प्रश्न नाही, मापाचा आहे. आणि हे आता नुसतं आपलं म्हणणं राहिलेलं नाही. आपल्याकडे जोड्यांचे नंबर चालतात ते इंग्रजांच्या काळातले, त्यांच्या पायांवरून ठरवलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 पासून चार महिन्यांत देशभरातल्या 79 ठिकाणी 1,01,880 माणसांचे पाय यंत्राने मोजले. निघालं असं, की आपले पाय युरोपातल्या पायांपेक्षा रुंद आहेत, म्हणून अरुंद जोड्यात ते मावत नाहीत आणि माणसं एक नंबर मोठा घेतात. बायकांचा पाय साधारण अकराव्या वर्षापर्यंत वाढतो, पुरुषांचा पंधरा-सोळापर्यंत. म्हणजे बाईचा जोडा हा पुरुषाच्या जोड्याची लहान आवृत्ती असून भागत नाही. त्या मोजणीवरून भारतासाठी ‘भ’ नावाची नवी मापं सुचवली गेली आहेत.

ती मापं आपल्या बाजारातल्या दुकानात येतील तेव्हा येतील. या वर्षी गटातून एकदम गमबूट किंवा कामाच्या चपला आणायच्या असतील, तर संध्याकाळी बसा, सकाळी नव्हे. दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो, खरं माप तेव्हाच मिळतं. जमिनीवर कागद ठेवून त्यावर उभं राहायचं, दुसरीने पेन्सिल सरळ धरून पायाभोवती फिरवायची. दोन्ही पायांचं काढायचं, दोन्ही सारखे नसतात. कागदावर नाव लिहा, लांबीबरोबर बोटांच्या मुळाशी रुंदीही मोजून लिहा, आणि असे सगळे कागद घेऊनच दुकानदाराकडे जा. चार आणि पाच नंबरचे गमबूट नाहीत असं तो म्हणाला, तर एकीला नको, पंधरा जणींना हवेत असं सांगा. मग तो मुंबईहून मागवतो.