माहेरचा कोरा रकाना

घराण्याची वंशावळ छापायची ठरली, तेव्हा यजमानांच्या पणजीच्या माहेरचा रकाना कोराच राहिला. सासूबाईंना ठाऊक होतं ते एवढंच: छप्पनियात आईबाप गेले आणि पाच-सहा वर्षांची पोर कुणाचं तरी बोट धरून काचीगुडा स्टेशनवर उतरली.

मी सालं जुळवायला बसले. छप्पनिया म्हणजे विक्रम संवत 1956 चा दुष्काळ, इसवी सन 1899-1900. काचीगुड्याचं स्टेशन मात्र निजामाच्या राजवटीत 1916 साली बांधलेलं. मग ती तिथे उतरेल कशी? मनमाड-हैदराबाद रेल्वे तेवढी त्या दुष्काळाच्याच सुमारास सुरू झालेली. पुढे घर काचीगुड्यात झालं, म्हणून घरच्यांच्या आठवणीने तिला इथेच उतरवलं असावं.

पण एक खूण खरी. ताटात अन्न टाकलं की पणजी म्हणे, ‘छप्पनियो विसरलात?’ सासरची माणसं दोन पिढ्या आधीच इकडे आलेली. हा शब्द मारवाड-गुजरातेतला, तिनेच आणलेला. अशी ती एकटी नव्हती. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतल्या शेकडो मुली केडगावला आणल्या होत्या.

रकान्यात मी लिहिलं, ‘मारवाड-गुजरातकडची, छप्पनियातली अनाथ.’ थोरले दीर म्हणाले, ‘अनाथ कशाला छापायचं?’

मी तो शब्द ठेवला. बायांनो, पोरकं होण्यात त्या पोरीची काय लाज?