‘आल्ट’ या जर्मन विशेषणाचा अर्थ आणि व्याकरण

‘आल्ट’ हे जर्मन भाषेतील नेहमीच्या वापरातले विशेषण आहे. वस्तूच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘जुना’ (विरुद्धार्थी शब्द ‘नॉय’) आणि माणसाच्या बाबतीत ‘म्हातारा’ (विरुद्धार्थी शब्द ‘युंग’) असा होतो. वय सांगतानाही हाच शब्द येतो. ‘फ्युन्फ यारे आल्ट’ म्हणजे पाच वर्षांचा.

मराठी भाषकाची चूक होते ती या शब्दाला लागणाऱ्या प्रत्ययांत. उदाहरणासाठी शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव घेऊ. तेथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. झोपड्या, मातीची भांडी आणि गाव या तिन्हींना ‘आल्ट’ लावता येते.

नामापूर्वी
- जुना घडा : आइन आल्टर टोप्फ
- जुनी झोपडी : आइने आल्टे ह्युटे
- जुने गाव : आइन आल्टेस डोर्फ

येथे मराठी आणि जर्मन लिंगे जुळतात, पण हा योगायोग आहे. मराठीत नदी स्त्रीलिंगी, तर जर्मनमध्ये ‘फ्लुस’ पुल्लिंगी.

निश्चित उपपदानंतर
‘ते जुने गाव’ म्हणताना ‘डास आल्टे डोर्फ’ असे रूप होते. नपुंसकलिंग ‘डास’ने आधीच दाखवल्यामुळे विशेषणाला ‘एस’ लागत नाही. ‘त्या जुन्या गावात’ म्हणजे ‘इन डेम आल्टेन डोर्फ’. मराठीत ‘जुने’चे ‘जुन्या’ होते, तसाच हा बदल.

क्रियापदासोबत
‘गाव जुने आहे’, ‘झोपडी जुनी आहे’ असे म्हणताना मराठीत विशेषण बदलते. जर्मनमध्ये मात्र दोन्हीकडे मूळ रूपच राहते : ‘डास डोर्फ इस्ट आल्ट’, ‘डी ह्युटे इस्ट आल्ट’. मराठीच्या सवयीने ‘इस्ट आल्टेस’ म्हणणे चूक ठरते.

तुलना
‘अधिक जुना’ म्हणजे ‘एल्टर’. ‘आ’चा ‘ए’ होतो. मात्र ‘आइने एल्टेरे फ्राउ’ म्हणजे ‘अधिक म्हातारी बाई’ नव्हे, तर वयस्कर बाई. ‘आइने आल्टे फ्राउ’पेक्षा हा प्रयोग सौम्य आहे. म्हणून वडीलधाऱ्या व्यक्तीविषयी आदराने बोलताना ‘एल्टर’ची रूपे वापरावीत.