खटका आणि बोट : बॅटरीवरच्या हत्यारांचा इतिहास

मंडळी, यंत्रांच्या इतिहासात आपण इंजिनाबद्दल, मोटरबद्दल भरपूर बोलतो. खटक्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. पण बांधकामाच्या साइटवर ग्राइंडर चालवणाऱ्याची बोटं शाबूत राहतात, त्यात या खटक्याचा वाटा मोठा आहे. म्हणून आज आपण त्याचाच माग काढू.

१८९५ साली जर्मनीत स्टुटगार्टला फाइन यांच्या कारखान्यात हातात धरायचं विजेचं ड्रिल तयार झालं. पण ते जड होतं. खरं वळण आलं अमेरिकेत. बाल्टिमोरच्या डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर यांना १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. यात महत्त्वाचं काय? यंत्र धरणारा हात आणि ते चालू करणारं बोट, दोन्ही एकाच जागी आलं.

खटके मूळ दोन जातींचे. एक, बंद करेपर्यंत चालूच राहणारा, आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणासारखा. दुसरा, दाबून धरलंय तोवरच चालणारा. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं; पकड सुटली की गाडीला ब्रेक लागतो. त्यामागचा विचार असा, की माणूस भोवळ येऊन पडला तर बंद करण्याची आठवण त्याला कोण देणार? यंत्राने आपोआपच थांबायला हवं.

पण दिवसभर ट्रिगर दाबून बोट आखडतं. म्हणून बाजूला अडकवणीचं बटण आलं : ट्रिगर दाबा, बटण अडकवा, बोट मोकळं. सोय झाली, आणि धोकाही आला. लाईट गेली, कारागिराने मशीन तसंच खाली ठेवलं, लाईट आली की ते आपोआप सुरू! अमेरिकेत १९७० च्या कामगार-सुरक्षा कायद्याखाली जे बांधकामाचे नियम आले, त्यांनी इथे रेघ ओढली. हातातल्या गोल करवतीला दाबून धरायचाच खटका हवा. ड्रिलला अडकवणी चालेल, पण ज्या बोटाने चालू केलं त्याच बोटाने, एकाच हालचालीत ते बंद झालं पाहिजे.

१९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने बॅटरीचं ड्रिल आणलं. वायर गेली, आणि तिच्याबरोबर भिंतीतला प्लगही गेला! वायरचं मशीन पिशवीत ठेवलं की ते मेलेलंच असतं. बॅटरीचं मात्र पिशवीतही जिवंत असतं. शिडी चढताना ट्रिगरला धक्का लागला तरी ते फिरू शकतं. त्यामुळे प्रश्न उलटा झाला. आधी चिंता होती, थांबेल कसं? आता चिंता, नको तेव्हा सुरू होणार नाही ना?

त्याची उत्तरं आपण रोज हाताळतो. ड्रिलचा उलट-सुलट फिरवायचा खटका मधोमध आणला की बहुतेक मशीनचा ट्रिगर दबतच नाही. करवतीला आधी अंगठ्याने कुलूप-बटण दाबावं लागतं, मगच ट्रिगर. काही ग्राइंडरना मुठीखाली लांब पट्टी असते, हात सुटला की वीज तुटते. आणि खटका चालू असताना बॅटरी लावली तरी चांगलं मशीन सुरू होत नाही. आधी बंद करा, मग चालू, असं ते मागतं.

आता यातली मेख ऐका. काही ठिकाणी पट्टीला चिकटपट्टी गुंडाळतात, 'बोट दुखतं' म्हणून. बोट खरंच दुखतं, हेही मान्य करू. पण त्या एका गुंडाळीने शंभर वर्षांची अक्कल पुसली जाते, आणि आपण पुन्हा दिव्याच्या बटणावर येतो, फक्त दिव्याच्या जागी आता फिरतं पातं असतं. बोट आखडत असेल तर पाळी बदलावी, हलकं मशीन द्यावं. ते काम मालकाचं आणि मुकादमाचं.

आणि एक साधी सवय आपण सगळेच लावून घेऊ : पातं किंवा बिट बदलायच्या आधी बॅटरी काढायची. गेलेल्या प्लगची जागा आता तिनेच घेतली आहे.