खापरीवरचें मत

इसवी सनापूर्वी पांचव्या शतकांत अथेन्सच्या नागरिकांपाशीं एक विलक्षण अस्त्र होतें : फुटक्या मडक्याची खापरी. कोणी पुढारी डोईजड होऊं लागला, कीं नागरिक बाजारचौकांत जमून खापरीवर त्याचें नांव कोरून देत. निदान ६,००० खापऱ्या भरल्यास सर्वांत अधिक नांवें ज्याचीं निघत, त्याला १० वर्षें शहर सोडावें लागे; मालमत्ता मात्र त्याचीच राही. स्त्रिया, गुलाम व परदेशी रहिवासी यांना हा हक्क नव्हता.

प्लुटार्क सांगतो कीं, एका निरक्षर मनुष्यानें अ‍ॅरिस्टायडीजला न ओळखतां त्याच्याच हातीं खापरी देऊन ‘अ‍ॅरिस्टायडीज’ असें लिहावयास सांगितलें. त्याचा अपराध कोणता, असें विचारतां, जो तो त्याला ‘न्यायी’ म्हणतो हें ऐकून कंटाळा आला, एवढेंच उत्तर मिळालें. अ‍ॅरिस्टायडीजनें निमूटपणें आपलें नांव लिहून दिलें. इ. स. पूर्वी ४८२ च्या सुमारास तो हद्दपार झाला.

१९३७ सालीं अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरींत थेमिस्टोक्लीजच्या नांवाच्या सुमारें १९० खापऱ्या सांपडल्या. हस्ताक्षरें मात्र अवघ्या चौदा जणांचीं! वांटण्यासाठीं त्या आधींच लिहून ठेवल्या असाव्यात. लोकसत्तेंत मताइतकेंच, दुसऱ्याचें मत लिहून देणाऱ्या हाताच्या प्रामाणिकपणालाही मोल असतें.