नेत्रपृष्ठावरील रंजकयुक्त वाढींचे निदान

डोळ्याच्या पृष्ठभागावर दिसणारे तपकिरी, काळे किंवा करडे डाग व गाठी तपासून त्यांतील निरुपद्रवी कोणते आणि कर्करोगाशी संबंधित कोणते हे ठरविणे, यास नेत्रपृष्ठावरील रंजकयुक्त वाढींचे निदान म्हणतात. असे डाग मुख्यतः डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ, पारदर्शक आवरणात आढळतात. या आवरणास नेत्रश्लेष्मा किंवा कंजंक्टायव्हा असे नाव आहे. बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. मेलॅनोमा हा कर्करोग मात्र दुर्मीळ असला तरी प्राणघातक ठरू शकतो. भारतीयांच्या डोळ्यांत नैसर्गिक रंजकद्रव्य अधिक असल्यामुळे केवळ रंगावरून निदान करता येत नाही.

प्रमुख प्रकार

वर्णजन्य कृष्णता : सावळ्या वा गडद वर्णाच्या व्यक्तींत बुबुळाच्या कडेभोवती सपाट, तपकिरी छटा दिसते. ती सामान्यतः दोन्ही डोळ्यांत असते व कडेपासून दूर जाताना फिकट होत जाते. तिला उपचारांची गरज नसते.

तीळ : हा बहुधा बालपणी किंवा तारुण्यात प्रथम दिसतो. तो बुबुळाच्या कडेजवळ, पापण्यांच्या फटीतून दिसणाऱ्या भागात असतो. त्यात सूक्ष्म, पारदर्शक पुटिका आढळणे हे निरुपद्रवीपणाचे महत्त्वाचे लक्षण आहे. पौगंडावस्थेत किंवा गरोदरपणी तो गडद होऊ शकतो. त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे.

जन्मजात नेत्रकृष्णता : हा करडा-निळसर डाग आवरणाखालील श्वेतपटलात असतो. त्याच बाजूच्या कपाळावर व गालावर तशीच छटा असल्यास त्यास ओटाचा तीळ म्हणतात. मासाओ ओटा या जपानी त्वचारोगतज्ज्ञाने १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. अशा डोळ्यांत काचबिंदूचा आणि क्वचित डोळ्याच्या आतील मेलॅनोमाचा धोका असल्याने नियमित तपासणी आवश्यक ठरते.

प्राथमिक अर्जित कृष्णता : हे मध्यम वयात किंवा त्यानंतर, बहुधा एकाच डोळ्यात उद्भवणारे सपाट, विखुरलेले तपकिरी ठिपके असतात. गौरवर्णीयांत हा विकार अधिक आढळतो. पेशींत विकृती नसल्यास धोका नगण्य असतो; तीव्र विकृती असल्यास मेलॅनोमा उद्भवू शकतो.

मेलॅनोमा : ही उंचवट्यासारखी वाढ असून तिला ठळक रक्तवाहिन्या पुरवठा करतात. बहुसंख्य रुग्णांत ती अर्जित कृष्णतेतून, तर काहींत तिळातून किंवा पूर्वी निरोगी असलेल्या जागी उद्भवते. ती रंगहीन, गुलाबीही असू शकते. कानापुढील व जबड्याखालील लसीका ग्रंथींमार्गे ती शरीरात पसरते.

फसवे डाग

नेत्रपृष्ठाच्या पट्टकी पेशींचा कर्करोग सामान्यतः पांढुरका वा गुलाबी असतो. परंतु गडद वर्णाच्या रुग्णांत तो काळसर दिसून मेलॅनोमाचा भास निर्माण करतो. याउलट काही काळे डाग ही वाढ नसतेच. वर्षानुवर्षे लावलेल्या काजळाचे कण पापणीच्या आतील घडीत साचतात. अल्काप्टोनुरिया या आनुवंशिक विकारात श्वेतपटलावर काळसर ठिपके उमटतात.

औद्योगिक भागांत धातूच्या कणाचा विचार प्रथम करावा लागतो. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ग्राइंडिंग व वेल्डिंगची कामे नित्याची असतात. लोखंडाचा कण पारपटलात (कॉर्निया) रुतल्यास त्याभोवती गंजाचे तपकिरी वलय तयार होते. अशा वेळी डोळा दुखतो, लाल होतो व पाणी वाहते. पांढऱ्या भागात रुतलेला कण मात्र फारशा वेदनेशिवाय राहून तिळासारखा दिसू शकतो. त्यामुळे रुग्णाचा व्यवसाय आणि डाग केव्हा दिसू लागला, हे विचारणे निदानाचा भाग आहे. डोळ्यात लोहकण असल्याची शंका असल्यास एमआरआय करू नये.

तपासणी

मुख्य साधन स्लिट लॅम्प हा सूक्ष्मदर्शक होय. डागाची जागा, उंची, पुटिका व रक्तवाहिन्या यांची नोंद करून छायाचित्र काढतात. बधिर करणारा थेंब टाकून कापसाच्या बोळ्याने आवरण हलवून पाहतात : तीळ आवरणासोबत सरकतो, श्वेतपटलातील डाग सरकत नाही. पापणी उलटून आतील बाजू पाहणे आणि लसीका ग्रंथी चाचपणे आवश्यक असते.

पुढील लक्षणे संशयास्पद मानली जातात :
• प्रौढ वयात नव्याने उद्भवलेला किंवा वाढत जाणारा डाग
• पापणीच्या आतील बाजूस, खोल घडीत किंवा पारपटलावर असलेला डाग
• उंचवटा, ठळक रक्तवाहिन्या किंवा रक्तस्राव
• खालच्या थराशी घट्ट चिकटलेली गाठ
• बुबुळाच्या कडेचा घेर घड्याळाची तबकडी मानल्यास तीन तासांहून अधिक भाग व्यापणारी, एकाच डोळ्यातील कृष्णता

ऊतक परीक्षा व उपचार

निश्चित निदान सूक्ष्मदर्शकाखालील ऊतक परीक्षेनेच होते. मेलॅनोमाचा संशय असल्यास गाठीचा तुकडा न काढता ती सभोवतालच्या निरोगी ऊतकासह अखंड काढतात. अन्यथा कर्कपेशी आजूबाजूस पसरण्याचा धोका असतो. कडांना शीतोपचार देतात व आवश्यकतेनुसार मायटोमायसिन-सी हे औषध थेंबांच्या रूपात वापरतात. विस्तृत, सपाट कृष्णतेत मात्र अनेक ठिकाणचे लहान नमुने घेतात.

केवळ सौंदर्यासाठी काढलेला तीळही ऊतक परीक्षेसाठी पाठविणे आवश्यक असते. लेसरने जाळलेल्या डागाचा नमुना उरत नाही आणि त्यात कर्करोग होता की नाही, हे नंतर कळू शकत नाही. मेलॅनोमा काढल्यानंतरही पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून रुग्णाची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवतात.