मापात पाप नसावे : वऱ्हाडचा कापूस बाजार आणि श्रावकाचा व्यापारधर्म

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मंदिर, पाठशाळा आणि धर्मशाळा यांच्या वाटचालीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु या संस्थांना ज्या व्यापाराने आधार दिला, त्या व्यापाराचा आणि त्यातील ग्राहकाचा इतिहासही या प्रसंगी आठवणे अगत्याचे वाटते. ग्राहकाच्या समाधानाविषयी आज व्याख्याने होतात, पुस्तके निघतात. वऱ्हाडात मात्र या प्रश्नाचा खरा कस कापसाच्या बाजारात लागला, आणि त्या इतिहासात जैन परंपरेचे प्राचीन केंद्र असलेल्या कारंजा गावाचे स्थान फार मोठे आहे.

1853 मध्ये निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी या काळ्या मातीकडे वळली. 1867 मध्ये लोहमार्ग अकोला व बडनेरामार्गे नागपुरास पोहोचला. 1870 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या लोहमार्गाचे व कापूस बाजाराचे उद्घाटन झाले. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा येथील पेढ्या गजबजल्या. या प्रदेशात पूर्वापार राहणाऱ्या बघेरवाल, सैतवाल आदी जैन कुटुंबांच्या जोडीला मारवाड व गुजरातकडून आलेली कुटुंबेही या व्यापारात स्थिरावली.

भरभराटीबरोबर लबाडीही आली. वजन वाढविण्यासाठी कापसावर पाणी मारणे, रुईत सरकी व कचरा ठेवणे, उंची कापसात हलका कापूस मिसळणे असे प्रकार सर्रास होऊ लागले. मुंबई इलाख्यात तर 1863 मध्येच कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला होता. सात समुद्रांपलीकडे गाठ उघडणारा ग्राहक फसवला गेला, की त्याचा राग अखेर सगळ्या मुलुखाच्या मालावर निघत असे, आणि प्रामाणिक पेढीचा मालही कमी भावाने जात असे.

या व्यवहारात दुसराही एक ग्राहक होता, आणि तो पेढीच्या दारातच उभा होता. बैलगाडीतून कापूस आणणारा कुणबी माल विकणारा असला, तरी अडत्याच्या सेवेचा तो ग्राहकच होता. तो अडत देत होता, दलाली देत होता, तोलाई व हमाली देत होता. शिवाय नमुन्याच्या नावाखाली मूठभर कापूस जाई आणि कडत्याच्या नावाखाली वजनात घट धरली जाई. मण गावोगावी वेगळा असे. काट्यावर काय चालले आहे हे त्याला पुष्कळदा कळत नसे. कळले तरी भरलेली गाडी परत नेणे त्याला परवडत नसे.

या पार्श्वभूमीवर 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातील हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. कारंजा 1905 पर्यंत अमरावती जिल्ह्यात, नंतर अकोला जिल्ह्यात होते, आणि 1998 पासून ते वाशिम जिल्ह्यात आहे. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार समिती, दलाल व मापाऱ्यांना परवाने, ठरलेले शुल्क आणि वजनमापांची तपासणी ही त्याची मुख्य अंगे होत. 1928 च्या शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा हा अनुभव त्याच्यासमोर होता.

मात्र या सुधारणेचे मूळ शेतकऱ्याच्या कळवळ्यात नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी दरात मिळावा, हा तिचा मुख्य हेतू होता. 1897 च्या कायद्याखालील समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. ज्याचा कापूस तोलला जात होता, त्या शेतकऱ्याला तेथे प्रतिनिधित्व नव्हते. दूरच्या बलवान ग्राहकाची तक्रार ऐकली गेली, जवळच्या दुर्बळ ग्राहकाला पुष्कळ काळ वाट पाहावी लागली.

येथे श्रावकाचाराची थोरवी ध्यानी येते. सर्व संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना दोन दोष खास व्यापाऱ्याचे आहेत. पहिला 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे. दुसरा 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे अस्सल म्हणून नक्कल किंवा भेसळीचा माल देणे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात भेसळीला 'सदृशसन्मिश्र' म्हटले आहे. उंची कापसात तसाच दिसणारा हलका कापूस मिसळण्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही! खोट्या तराजूचा निषेध उपासकदशांगातही आहे. कारंज्याच्या भट्टारक पीठांच्या शास्त्रभांडारांत जपलेल्या परंपरेने हा विषय कायद्याच्या कितीतरी शतके आधी व्रताच्या कक्षेत आणला होता. कायदा ग्राहक तक्रार करील तेव्हा जागा होतो. व्रत मात्र ग्राहकाला काही कळत नसतानाही व्यापाऱ्याच्या हातावर लक्ष ठेवते.

याच संदर्भात 'धर्मादाय' या कपातीचा विचार मोकळ्या मनाने करावयास हवा. देशभरच्या बाजारांत विक्रीच्या रकमेतून मंदिर, गोशाळा, पांजरापोळ वा पाठशाळेसाठी काही पैसे कापून घेण्याची रूढी होती. कपात शेतकऱ्याच्या हिशेबातून होई आणि दानाचे श्रेय पेढीच्या नावे लागे. व्यापाऱ्यांनी स्वतःच्या मिळकतीतूनही उदार हस्ते दान केले, यात शंका नाही. तरीही अशा कपातीतून जेथे पुण्यकार्ये उभी राहिली, तेथे संगमरवरावर नाव न कोरलेला एक दाताही आहे, हे कृतज्ञतेने मान्य करणे हे सत्य व्रताला धरूनच होईल.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. मण-शेर जाऊन मेट्रिक मापे आली. 1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार कायद्याखालील समित्यांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसले. 1972 मध्ये शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि पेढ्यांचा कापसाशी असलेला जुना संबंध तुटला. 2002 नंतर खासगी खरेदी पुन्हा खुली झाली. त्याआधी 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली होती. त्याची जागा पुढे 2019 च्या कायद्याने घेतली.

आज आपल्या समाजातील तरुण कापड, औषधे, सराफी, शेतीची बी-बियाणे व खते अशा अनेक व्यवसायांत आहेत. बियाण्याच्या पिशवीत काय आहे, सोन्याचा कस किती, औषध खरे की बनावट, हे ग्राहकाला पाहून सांगता येत नाही. तो मालाबरोबर दुकानदाराचा शब्दही विकत घेत असतो. खोटे बियाणे गेले तर त्याचा हंगाम बुडतो, आणि बुडालेला हंगाम कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही. म्हणून गोड बोलणे, तत्परता, माल परत घेण्याची तयारी या गोष्टी आवश्यक असल्या, तरी त्या कळसाच्या जागी आहेत; पाया खऱ्या मापाचा आहे.

पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. वर्षभर आपल्या काट्यासमोर विश्वासाने उभा राहणारा ग्राहक त्या जीवांतच येतो. त्याची क्षमा मागण्याचा प्रसंग येऊ नये अशी पेढी चालविणे, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या पूर्वजांना खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!