नक्कल आणि नक़्ल

नारायण पेठेत राहणारा माझा एक माजी विद्यार्थी लॅपटॉपवर ‘टीआर-८०८’ वाजवतो. रोलँड या जपानी कंपनीचं हे तालयंत्र १९८० साली आलं आणि काही वर्षांतच बंद झालं. आता त्यातल्या सर्किटचं वागणं सॉफ्टवेअर गणिताने हुबेहूब उभं करतं.

हेच यंत्र १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांच्या हाती होतं. हिंदी चित्रपटसंगीतातले हे वादक. ८०८चा ठेका, ‘टीबी-३०३’चा खर्ज, ‘ज्युपिटर-८’चे सूर आणि त्यांवर भैरव, ललत, यमन असे दहा राग. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. मींडेला तेच हवं. रेकॉर्ड फारशी चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोत याच ३०३वर ‘अ‍ॅसिड हाऊस’ घडलं. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. सिंग २०१५ साली गेले.

मराठीतली ‘नक्कल’ अरबी ‘नक़्ल’मधून आली. तिथे तिचा एक अर्थ आहे, एका जागेहून दुसरीकडे पोहोचवणं. सॉफ्टवेअरने आवाज पोहोचवला. सिंग यांचं नाव पोहोचवणं आपल्याकडे आहे.